मागच्या सीटवरची गुणगुण

नव्या मोटरसायकलची शिसारी मला पहिल्या चाळीस मैलांतच आली.

तशी ती माझीच निवड. जुनी गाडी पंचवीस वर्षं आम्हा नवराबायकोला घेऊन हिंडली. मागे सोफ्यासारखी सीट, दोन्ही बाजूंना हात टेकायला गाद्या, पाठीमागची पेटी एवढी मोठी की दोन हेल्मेटं आणि वर बायकोचा, आर्लिसचा, डबा मावायचा. नवीच्या पेटीत एक हेल्मेट घातलं की झाकण लागत नाही. पुढची काच बटणावर वरखाली होते, गिअर आपोआप पडतात, पडद्यावरची बाई रस्ता सांगते. आणि मागे बसणाऱ्यासाठी? एक पाट, त्यावर उशी. असल्या गाडीला लांबच्या प्रवासाची गाडी म्हणतात!

आमच्या क्लबात रीत आहे: मागे बसणाऱ्याने दुकानात तासभर बसून पाहिल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. बायका सँडविच घेऊन जातात, सीटवरच खातात आणि मग होकार देतात. ही रीत मोडणारा गाढव मीच. लग्नाच्या वाढदिवसाची गंमत म्हणून एकटाच गेलो. खरं कारण वेगळं होतं. एप्रिलमध्ये चर्चच्या आवारात जुनी गाडी माझ्या हातून आडवी झाली. गुडघ्यांनी दगा दिला. नवी खूप हलकी. पण हे आर्लिसला सांगायची लाज वाटली, म्हणून 'जुनी तेल पिते' अशी थाप मारली.

जुनी घेतली क्लबातल्याच मर्लने. विधुर माणूस, मिशीला कायम मोहरीची चटणी. मला तो कधीच आवडला नाही.

गेल्या वर्षी आर्लिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच ती म्हणाली होती, "बसून दुखायला लागलं तर मी सोडेन, ऑरिन. मग हिंड एकटा."

जूनमधली क्लबाची सहल मिसिसिपीच्या काठाने जाते. वळणं लागली की आर्लिस गुणगुणते आणि ते हेल्मेटमधल्या माइकवरून माझ्या कानात येतं. पंचवीस वर्षांत मी तिला हे बोललो नाही. लाजून बंद केलं असतं तिने. त्या दिवशी कानात फक्त पडद्यावरची बाई होती. "डावीकडे वळा," म्हणाली. डावीकडे नदी होती.

वाटेत एका हॉटेलात 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला थांबलो. आर्लिस माझा खांदा धरून उतरली, चेहरा पांढराफटक.

"सवय होईल गं," मी म्हटलं.

"सवय व्हायला तो काय नवा बूट आहे? तू बसलायस का कधी मागे? मला तासभर दुकानात न्यायला काय झालं होतं तुला?"

मर्ल आंबटगोड रुबार्ब-पायचा घास चावत म्हणाला, "आर्लिस, तुझी सीट रिकामीच आहे बघ. तुझ्या बसण्याचा खड्डासुद्धा तसाच ठेवलाय."

सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. "जाऊ?"

गुडघ्यांचं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "जा की!"

पुढचे तीस मैल तिचं लाल जाकीट माझ्यापुढे, माझ्याच गाडीवर.

पेट्रोल भरताना मर्ल जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ऑरिन, ती नेहमी गुणगुणते का रे अशी?"

"तिला बोललास काही?"

"छे! बोललो तर बंद करेल ना. घरात इतकी वर्षं कुणाचा आवाज नाही, फार बरं वाटलं बघ."

त्याची किळस यायला हवी होती. आली ती माझी मलाच. मी तडक आर्लिसकडे गेलो. ती हेल्मेट चढवून, माइकची वायर जोडून मर्लच्या गाडीवर मागे बसलीही होती.

"आर्लिस, जुनी तेलबिल काही पीत नव्हती. माझे गुडघे गेलेत."

ऐकू येत नाही, असं तिने कानाकडे बोट करून दाखवलं. मग पुढे येऊन बसलेल्या मर्लच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. निघायची वेळ झाली की माझ्या खांद्यावर थोपटायची, अगदी तसंच.