गढीतले उकळते शिपाई

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीमागे टेकडीवर एक पडकी गढी होती. एकोणीसशे साठ सालच्या त्या रविवारी तिथं एवढी गर्दी, की मुंगीनंसुद्धा वाट विचारून परत जावं! मधोमध गढीबाबा. त्यानं झोळीतून पांढरा खडा काढला, परातीत ठेवला, वर पाणी ओतलं. खडा फुसफुसला, तडकला आणि चूल नसताना पाणी खदखदू लागलं.

"भोसल्यांच्या चाळीस शिपायांची हाडं!" बाबा गरजला. "सरहद्द राखताना इथंच जळाले. शंभर वर्षं झाली, रग उतरली नाही!"

लोकांनी हात जोडले. कौशल्येनं मात्र लेकीला घट्ट धरलं. सात वर्षांच्या कमलाच्या डोळ्यात फूल पडलं होतं, आणि सासूनं, शकुबाईनं, हेच पाणी औषध म्हणून डोळ्यात घालायचं ठरवलं होतं.

"कावून अडून राहिली वं?" सासू खेकसली.

"थांबा, आत्याबाई."

कौशल्येच्या बापाची पवनीला चुन्याची भट्टी. असं खदखदणं तिनं लहानपणी रोज पाहिलेलं. इथले लोक दिवसभर चुनखडी फोडत, पण दगड वॅगनमधून जाई नि भाजला जाई दूर पोलादाच्या प्लांटात. क्वार्टरांना चुना लावायला ठेकेदार. भाजलेला खडा पाहिला कोणी?

"बाबा, हाडं उघड्यावरच होती ना?"

"याच बुरुजाखाली!"

"मंग शंभर पावसाळ्यात कावून नाही उकळली? तुमच्या लोट्याचीच वाट पाहून राहिली होती का?"

गर्दीत खसखस पिकली. तिनं बुरुजाखालचा तसलाच पांढरा खडा उचलून बाजूच्या रिकाम्या परातीत टाकला. पाणी ओतलं. खडा डबक्यातल्या म्हशीसारखा गार!

मग बाबाच्या खड्याचा निवलेला लगदा तिनं नवऱ्याच्या, कवडूच्या, तंबाखूला लावला. त्यानं मळला, चिमूट ओठाखाली धरली.

"अवं, हा तं चुना!"

"भाजलेला. पाण्यानं उकळते. डोळ्यात गेला असता तं डोळाच गेला असता."

म्हातारा धोंडबा काठी टेकत पुढं आला. "माहा आजा याच पलटणीत होता. सरहद्द पुढं सरकली, तसे बाकी सारे दारांच्या चौकटीसुद्धा काढून, गाडीत घालून निघून गेले. जळालं कोण? आजा तं इथंच लगन करून राहिला!"

हशा ओसरेपर्यंत बाबा टेकडी उतरला होता. शकुबाईनं कमलाला कडेवर घेतलं. सुनेकडं न पाहता म्हणाली, "दवाखाना कोणीकडं हाय वं?"

बाबांनो, गढी ओस का पडली ते म्हाताऱ्यांना विचारा, पाणी का उकळलं ते जाणत्यांना विचारा. उत्तर मिळेस्तोवर लेकराचा डोळा कोणापुढं उघडू नका.