जिथली बाटली तिथे

आमच्या घरात वाइनच्या बाटल्या कुठे आहेत असं विचारू नका, कुठे नाहीत ते विचारा. जिन्याखालच्या कपाटात बुटांच्या मागे, चादरींच्या कप्प्यात, पॅसेजमधल्या कोनाड्यात, पाहुण्यांच्या पलंगाखाली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी चोरून पितंय. तसं काही नव्हतं. उजेड आणि ऊब लागली की वाइन बिघडते आणि बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवायची, हे सासऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

खरी गोष्ट सासूबाईंनी पुढे कधीतरी सांगितली. बाबा, म्हणजे माझे सासरे, घड्याळजी. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून काम केलं आणि म्हातारपणी त्याच डोळ्यांनी दगा दिला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसलं जातं. घरात वावरतात बिनधास्त, लेबल मात्र वाचता येत नाही. मग सासूबाईंनी, ज्या स्वतः थेंबालाही शिवत नाहीत, सगळ्या बाटल्यांना जागा नेमून दिल्या. लाल जिन्याखाली, पांढरी कोनाड्यात, जपून ठेवायची ती चादरींत, भेट आलेली आणि भरवशाची नसलेली पलंगाखाली. नवी बाटली आली की त्या लेबल वाचणार, बाबा ती हातात फिरवून, बुडाचा खळगा चाचपून जागा सांगणार. मी वस्तू हरवण्यात पटाईत, त्यामुळे असेल, पण त्या दिवशी मी सासूबाईंना मनापासून मानलं.

हे माझ्या नवऱ्याला सांगायचं नव्हतं. "त्याला कळलं की तो मला खुर्चीत बसवून ठेवील," असं बाबांचं म्हणणं. पाहुण्यासाठी बाटली आपण निवडायची आणि आपल्या हाताने आणायची, एवढी एकच मिजास त्यांच्याकडे उरली होती. ती गेली असती तर ते खचले असते.

नवरा दुकानांच्या शो-केस सजवतो. मोजे आणि छत्र्या दिल्या तरी लोक काचेसमोर थांबतील असं काहीतरी करतो. बाबांच्या वाढदिवसाला, ते आणि सासूबाई फिरायला आणि मी बाजारात असताना, या पठ्ठ्याने त्यांना चकित करायचं ठरवलं. मी परत आले तर बैठकीच्या भिंतीवर अक्रोडाच्या लाकडाचा रॅक, मागून मंद दिवे, आणि घरातली एकूण एक बाटली त्यात, गडद रंगापासून फिकटापर्यंत ओळीने लावलेली. देखणं काम होतं, खोटं कशाला बोलू. पण आता बाबांना एकही बाटली सापडणार नव्हती.

सासूबाई आल्या, रॅकसमोर उभ्या राहिल्या. "सुरेख केलंस रे," म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. नवरा आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी एक बाटली काढून जिन्याखाली नेली.

"आज हीच काढणारेत. सकाळीच बोललेत."

"आणि बाकीच्या, आई?"

"बाकीच्या उद्या. चष्मेवाले आलेसुद्धा बघ."

चष्मेवाले काका म्हणजे बाबांचे दुकानशेजारी. बाबांच्या मागे डोळे तपासा म्हणून त्यांनी इतकी वर्षं धोशा लावलाय की बाबा त्यांच्यासमोर मुद्दाम भिंतीवरचं घड्याळ बघितल्यासारखं करतात.

जेवायच्या वेळी बाबा उठले आणि रॅकला वळसा घालून जिन्याकडे गेले.

"बाबा, सगळ्या रॅकवर आहेत ना," नवरा म्हणाला.

"चांगली वाइन अशी चारचौघांत बसत नाही," बाबा म्हणाले, आणि बाटली घेऊन आले. लेबल काकांकडे धरून त्यांनी गाव आणि साल खडाखडा सांगितलं. काकांनी घोट घेऊन मान डोलावली. सासूबाई पोळ्या वाढल्यासारख्या सहज ग्लास पुढे सरकवत होत्या. मला हायसं वाटलं.

"मागच्या खेपेची ती पांढरी उरलीय का हो?" काका म्हणाले.

"आहे तर," म्हणत बाबा सवयीने उठलेसुद्धा. सासूबाई अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. पॅसेजमध्ये बाबांचा हात कोनाड्यात गेला. रिकाम्या फळीवरून तो इकडून तिकडे फिरला, परत फिरला.

"बाबा, ही काय, समोर!" नवऱ्याने रॅककडे बोट दाखवलं. बाबा वळले आणि भलतीकडेच बघत राहिले.

मग बाबाच म्हणाले, "मला दिसत नाही रे. तुझी आई म्हणते रॅक सुरेख झालाय, तर झाला असेल. मला त्यातली एकही ओळखता यायची नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा कधीपासून, कुणाकुणाला माहीत होतं, डॉक्टर काय म्हणतात, सगळं विचारत बसणार. तो रॅकपाशी गेला, एक बाटली काढली आणि लेबल मोठ्याने वाचलं.

"ही कुठली, बाबा?"

"चादरींच्या कप्प्यातली. अगदी डावीकडे."

तो ठेवून आला. दुसरी काढली. तिसऱ्या बाटलीला चष्मेवाले काका उठले. "वाचायचं काम मला द्या, चष्म्यांना तोटा नाही माझ्याकडे," म्हणाले. डोळे तपासण्याचं त्यांनी नावही काढलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. सासूबाईंना मी हाताला धरून बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

पांढरी निघाली तेव्हा नवऱ्याने ती कोनाड्यात नेऊन आडवी ठेवली आणि आपल्या जागेवर येऊन बसला.

"बाबा," तो म्हणाला, "काकांना पांढरी हवी होती ना?"

बाबा उठले, पॅसेजमध्ये गेले आणि बाटली घेऊन आले.