निवडून दाबलेल्या वीस पेशी

पहिल्या बशीत, सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत, एकशे सेहेचाळीस पेशी होत्या. दुसऱ्या बशीत एकशे एकतीस. पहिल्या निरोगी, दुसऱ्या कॅन्सरच्या. दोन्हींतून मी वीस-वीस निवडल्या, दाबल्या आणि वहीत लिहिलं, ‘नमुनेदार पेशी घेतल्या.’ हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, याचीही नोंद करून ठेवते.

माझं काम एवढंच. पेशी दाबायच्या. बोटाने नव्हे. एका लवचीक पट्टीच्या टोकाला केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा मणी चिकटवलेला असतो. तो पेशीवर टेकवून दाबायचा. पट्टी किती वाकली त्यावरून पेशी किती ताठ, किती मऊ ते कळतं. कॅन्सरची पेशी बहुधा मऊ निघते, हे माझ्याआधी पुष्कळांनी मोजलंय. पण माझा फरक जोरदार होता. निरोगी पेशींचा ताठपणा २.११३ किलोपास्कल, कॅन्सरच्यांचा ०.७०४. जवळजवळ नेमका तिप्पट. तिसरं दशांश स्थळ मी कोणी न विचारताही सांगायची, म्हणून यंत्र सांभाळणारे काका मला ‘दशांश’ म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

घरी बाबा सगळ्यांना सांगत, “आमची लेक कॅन्सरवर काम करते.” त्यामुळे एकदा शेजारचे आजोबा मानेवरची गाठ दाखवायला आले. मी त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं, पण ते दारातून वळताना न राहवून विचारलंच, “दाबल्यावर कशी लागते हो?” गाठ चरबीची निघाली. आजोबा मात्र अजून सांगतात की निदान आधी मीच केलं.

शुक्रवारी समितीपुढे आकडे मांडायचे होते. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, यांनी आडपडदा ठेवला नव्हता. “फरक दुपटीच्या वर टिकला तर तुझी नोकरी आणखी एक वर्ष. नाही टिकला तर या महिन्याच्या शेवटापर्यंत.” मी मनातल्या मनात पुढच्या वर्षाच्या वह्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या.

रविवारी आईबरोबर भाजी आणायला गेले. आईने टोमॅटोच्या ढिगातून एक उचलला, अंगठ्याने दाबला, ठेवला. दुसरा दाबला. तिसरा.

“सगळाच माल मऊ पडलाय तुमचा,” आई म्हणाली.

भाजीवाली वैतागली. “ताई, मघापासून बघतेय. मऊ दिसतात तेवढेच उचलून दाबताय, आणि वर सगळा माल मऊ म्हणताय! हा दाबा ना. हा बघा. हा.”

“बाई गं, बोलते तरी किती,” आई माझ्याकडे वळली. “तू सांग गं, तुझं रोजचंच काम आहे दाबायचं.”

मी हातातली पिशवी गुंडाळून निघायला लागले. आईला वाटलं मला भाजीवालीचा राग आला, म्हणून तिने मुकाट्याने दीड किलो घेतले.

सोमवारी सकाळी त्या दोन बश्यांचे जुने फोटो उघडले. दाबलेल्या प्रत्येक पेशीवर माझ्याच हाताची लाल फुली होती. निरोगी बशीत मी अंग ताणून बशीला घट्ट धरून बसलेल्या वीस पेशी दाबल्या होत्या. त्याच चौकटीत अडतीस पेशी सैल, दिसायलाच मऊ होत्या. त्यांतल्या एकीवरही फुली नव्हती. कॅन्सरच्या बशीत बावन्न पेशी चांगल्या ताणून बसलेल्या. तिथेही फुल्या शून्य. मऊ दिसणाऱ्या पेशी शोधून काढून त्या मऊ आहेत, असा शोध मी लावला होता. तीन दशांश स्थळांपर्यंत.

पाऊण तास मी फोटो बंद करायचा आणि गप्प बसायचा विचार केला. समितीतलं कोणी फुल्या बघायला येणार नव्हतं. मग सरांकडे गेले.

“सर, शुक्रवारी तिप्पट म्हणता येणार नाही.”

“मग किती?”

“माहीत नाही.”

सरांनी चष्मा काढला. “हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय.” फोटो त्यांनी बराच वेळ पाहिले. “चार दिवस आहेत. पुन्हा मोज. जे येईल ते मांड. दुपटीची अट मात्र समितीची आहे, माझ्या हातात नाही.”

काकांनी सहा बश्या घेतल्या, कोणती कशाची ते आपल्यापाशी लिहून ठेवलं आणि नावांवर चिकटपट्टी लावून वर नुसते आकडे टाकले. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक पारदर्शक कागद चिकटवला. त्यावर सारख्या अंतरावर चाळीस फुल्या.

“फुली जिथे, मणी तिथे,” काका म्हणाले. “तुमची आवडनिवड बंद.”

अकराव्या फुलीखाली एक वेडीवाकडी पेशी आली.

“काका, ही राहू दे. ही जरा...”

“जरा काय?”

“विचित्र आहे.”

“तिचंही तुमच्याबद्दल तेच मत असेल. दाबा.”

दाबली. तीन दिवसांत अशा दोनशे चाळीस दाबल्या. त्यांतल्या निदान साठ मी आपणहून कधीच निवडल्या नसत्या. काकांनी दर वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दर वेळी म्हणाले, “दाबा.”

शुक्रवारी, समितीला वीस मिनिटं असताना, काकांनी एकेका बशीवरची चिकटपट्टी सोलली. तीन निरोगी, तीन कॅन्सरच्या. मी सरासरी काढली.

“किती, दशांश?”

“निरोगी एकशे वीस पेशी, १.६ किलोपास्कल. कॅन्सरच्या एकशे वीस, १.४.”