खुराड्यातला बोका

आज सकाळपासून धुकं आहे. दुपारी जरा विरळ झालं, ऊन तेवढ्यापुरतं डोकावून गेलं, आणि दिवस कलायला लागला तसं धुकं पुन्हा खाली उतरलं. कुंपणापलीकडचं शेत दिसेनासं झालं. असल्या हवेत कोल्ह्याला लपायची गरजच पडत नाही.

मी बोका बोलतोय. वयानं म्हातारा, एक कान फाटका, राहायला कोंबड्यांच्या खुराड्यात. हसलात तरी चालेल, सगळेच हसतात.

आमच्यात आई पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. माझी आई मला पहिल्याच घरी विसरली. थंडीचे दिवस होते, माझे डोळेही उघडले नव्हते. या शेतावरच्या म्हातारीनं मला गवताच्या गंजीखालून उचललं आणि एका खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. "अंडी उबवतेसच, तर हाही उबव," असं तिला म्हणाली. कोंबडीनं मान वाकडी करून मला एकदा बघितलं, आणि पंख पसरले. दूध म्हातारी कापसाच्या बोळ्यानं पाजायची, ऊब कोंबडीची.

त्यामुळे माझं जरा उलटसुलटच झालं. पिलं आईमागं रांगेनं चालायची, त्या रांगेत शेवटी मी. ती माती उकरायची, मीही उकरायचो. मांजरं माती कशासाठी उकरतात हे मला फार उशिरा कळलं. दिवेलागणीला सगळ्यांबरोबर मीही खुराड्यात शिरायचो आणि दार लावायची वाट बघायचो.

पहिला उंदीर धरला तेव्हा मोठ्या ऐटीत अंगणात आणून ठेवला. एका कोंबडीनं तो चोचीत उचलला आणि पळत सुटली. तिच्यामागं बाकीच्या, आणि सगळ्यांच्या मागं मी. म्हातारी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "साहेब, जेवण गेलं तुमचं," म्हणाली. तेव्हापासून माझं नाव साहेब. लोक म्हणतात मांजर डोळे मिटून दूध पितं. कोंबड्यांच्या घरात वाढलेलं मांजर एक डोळा उघडा ठेवतं.

म्हातारी होती तोवर संध्याकाळ सोपी होती. ती अंगणात उभी राहून हाक मारायची, "बायांनो, घरी चला." की झाडाखालच्या, गंजीमागच्या, शेणाच्या ढिगावरच्या, सगळ्या पंख सावरत धावत यायच्या. मी पुढं असायचो, कारण खुराड्याचं दार लावलं की माझं दूध यायचं.

म्हाताऱ्याचा आणि आमचा तसा संबंध नव्हता. तो शेतातला माणूस. कोंबड्या म्हणजे बायकोचा संसार, असं तो म्हणायचा. मागच्या हिवाळ्यात म्हातारी गेली. हा सगळा संसार न मागता त्याच्या गळ्यात पडला.

तो बैलाला हाकतात तसा ओरडायचा, "चला रे, चला." कोंबड्या दाणे टिपायच्या आणि पाहुण्यांसारख्या निघून जायच्या झाडावर. मग तो एकेकीला धरून आणायचा. दुसरी आत टाकेपर्यंत पहिली त्याच्या दोन पायांमधून बाहेर. रस्ता दाखवावा म्हणून मी स्वतः पुढं होऊन खुराड्यात शिरायचो, तर मलाच मानगूट धरून काढायचा. "ज्यांना बोलवतोय त्या येत नाहीत, आणि हा बघा."

रात्री कोल्हा यायचा, खालच्या फांदीवरची एखादी ओढून न्यायचा. सकाळी अंगणात पिसं.

गेल्या रविवारी त्याची मुलगी आली. पिसं तिनंच झाडली.

"बाबा, बास झालं आता. कोंबड्या विकून टाका आणि माझ्याकडे चला."

"आत येतात त्या."

"कुठे येतात? झाडावर बसल्यात सगळ्या. मी आंधळी आहे का?"

"सवय व्हायला वेळ लागतो."

"त्यांना की तुम्हाला?" तिनं झाडू भिंतीला टेकवला. "पुढच्या रविवारी मी येतेय. संध्याकाळी आत गेल्या तर राहा इथे. नाही तर घराला कुलूप लावू."

"आणि हा?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. त्यानं माझी अशी चौकशी कधीच केली नव्हती.

"तिसऱ्या मजल्यावर बोका कुठे ठेवू मी, बाबा?"

उद्या तो रविवार.

माझं मागणं काही मोठं नाही. दूध आता रोज मिळत नाही, त्याचीही तक्रार नाही. या वयात मी नवी सात घरं कुठं शोधू? खुराड्याचं दार संध्याकाळी कुणीतरी आतल्यांना मोजून लावावं, इतकंच.

आज दिवस कलला तसा म्हातारा घरात गेला. मी लाकडांच्या मोळीमागं पडून होतो. जरा वेळानं हाक ऐकू आली. बारीक, चिरकी, पण शब्द तेच. "बायांनो, घरी चला."

मी सगळ्यांच्या आधी धावलो. धुक्यात म्हातारीचा जांभळा स्वेटर दिसला, डोक्याला तिचा रुमाल. वासही तिचाच. पायापाशी पोचलो आणि वर बघितलं, तर रुमालाच्या खाली पांढऱ्या मिशा.

परत जावंसं वाटलं. पण त्याचे पाय गारठले होते, म्हणून त्यांच्यावरच बसलो.

कोंबड्याही निघाल्या होत्या. अर्ध्या अंगणात थबकल्या, माना वाकड्या करून बघत राहिल्या. म्हातारा घाबरला. एकामागून एक हाका मारत सुटला, आवाज फाटेपर्यंत. त्या दोन पावलं मागं सरकल्या.

तेवढ्यात कुंपणापाशी खोकला ऐकू आला. शेजारची शिलाईवाली, हातात अर्धा शिवलेला परकर. म्हाताऱ्यानं घाईघाईनं रुमाल ओढला, तो हनुवटीलाच अडकला. आता ही हसणार आणि उद्या मुलीला सांगणार, असं मला वाटलं.

ती हसली नाही. कोंबड्या बुजू नयेत म्हणून हळूच म्हणाली, "राहू द्या रुमाल, काका. पण इतक्या हाका नका मारू. काकू एकदाच बोलवायच्या, आणि मग गप्प उभ्या राहायच्या. थांबा जरा. येतात."