कॅसेटमधला खटका

रंगमंचावर विनोदी गोष्टी सांगणाऱ्या बूशनबच्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी खटका होता. लुआजच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीच्या, गोष्टीत तो येई. 'गाडी भरली, सामान टपावर चढलं, पण ड्रायव्हर काही निघेना,' असं बूशनब म्हणे, मग खट्ट असा आवाज होई, आणि लगेच लोक छत फाटेस्तोवर हसताना ऐकू येत. कशाला हसले ते कुणालाच कळत नसे. मधला तुकडा कॅसेट विकणाऱ्यांनी भीतीपोटी कापला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

खमैसने उभा जन्म महदिया गावाहून स्फाक्स शहरापर्यंत लुआज चालवली आणि तीच कॅसेट वाजवली. बूशनबच्या मिशा त्याने फक्त पोस्टरवर पाहिल्या होत्या. खेळ स्फाक्सला रात्री व्हायचा आणि ती वेळ परतीच्या फेरीची. पण शब्द न शब्द त्याला पाठ होता. रेशनच्या रांगेची गोष्ट, बायकोला भिणाऱ्या पुढाऱ्याची गोष्ट, मेल्यावरही शिक्का मागणाऱ्या कारकुनाची गोष्ट. त्या खटक्यापाशी मात्र तो दर वेळी कान टवकारायचा, जणू आज तरी काही निसटून ऐकू येईल.

आता त्याचे डोळे गेले होते. काचबिंदूने आधी रस्ता नेला, मग माणसं. देशावर राज्य करणारे जुने साहेब परदेशी पळाल्यावर दुसऱ्या वर्षी बूशनबचं पुस्तक निघालं, आणि नासरने, खमैसच्या मुलाने, ते स्फाक्सहून आणलं. मुखपृष्ठावर लिहिलं होतं म्हणे, 'काहीही न कापता.' वाचायचं काम सुनेकडे आलं. दलेंदा सकाळी बालवाडीत शिकवायची, दुपारी अंगणात चहा ठेवायची आणि सासऱ्याला एकेक गोष्ट वाचून दाखवायची. ती वाचायची छान. तिचे वडील मुहरज मास्तर शाळेत भाषा शिकवायचे. बूशनब कुठे श्वास घेतो आणि कुठे घेत नाही, ते तिला न सांगता कळायचं. पुढाऱ्याच्या बायकोचा आवाज ती अशी काढायची की खमैसचा चहा नाकात जायचा.

लुआजची गोष्ट आली त्या दुपारी खमैसने चहा बाजूला ठेवला.

"गाडी भरली, सामान टपावर चढलं, पण ड्रायव्हर काही निघेना," दलेंदा वाचत होती. मग पान उलटल्याचा आवाज झाला. एक नाही, दोन पानं एकदम गेल्यासारखा. "लोक खाली उतरले, तेव्हा कळलं की गाडी जागची हललीच नव्हती."

"आणि मधलं?" खमैस म्हणाला.

"मधलं काय?"

"ड्रायव्हर का निघत नव्हता ते."

"इथे एवढंच आहे, बाबा."

खमैसने आधी छापणाऱ्याला शिव्या घातल्या. नवे आले तरी कात्री जुनीच, असं पुटपुटला. पण रात्रभर ते दोन पानांचं सळसळणं त्याच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने तीच गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. दलेंदाने पुन्हा तिथूनच उडी मारली, पण या वेळी पान इतकं हळू उलटलं की त्यातच तिची चोरी उघडी पडली.

लपवतेय. पण काय? बूशनबने ड्रायव्हर लोकांची टर उडवली असेल आणि सासऱ्याला वाईट वाटेल, म्हणून? छे. कारकुनांची, मास्तरांची, सासऱ्यांची टर तिने खदखदा हसत वाचली होती. नासरने तिला सांगितलं असेल का? दोघं स्वयंपाकघरात हळू बोलतात, तो आत आला की बोलणं तुटतं. मग त्याला वाटलं, हल्ली आपल्यासमोर बरंच काही तुटतं. शेजारीण खदीजा गप्पा मारताना त्याला पाहून थांबते. कॉफीच्या दुकानात खुर्ची पुढे करतात, पण बाजूची खुर्ची रिकामीच राहते. डोळे होते तेव्हा हे दिसलं नव्हतं.

त्याने पुस्तक झग्याखाली लपवलं आणि भिंत चाचपत मोंजी न्हाव्याकडे गेला. दुकानात दोघंतिघं बसले होते.

"मोंजी, एवढी लुआजची गोष्ट वाच बघू. मोठ्याने."

"घरी सून वाचते ना तुझी?"

"तिचा घसा बसलाय."

मोंजीने वस्तरा पुसला, चष्मा शोधला आणि शाळेतल्या पोरासारखं अडखळत सुरुवात केली. खटक्याची जागा आली आणि गेली, आणि मोंजी वाचतच राहिला.

"'अरे बाबा, गाडी भरली, निघ की. ड्रायव्हर म्हणतो, थांबा, शेवटची सीट रिकामी आहे. लोक म्हणतात, तिचं भाडं आम्ही देतो, चल. ड्रायव्हर म्हणतो, त्या सीटचं भाडं सरकार देतं. तिच्यावर बसणारा आला नाही, तर तुम्ही वाटेत काय बोललात ते लिहिणार कोण?'"

दुकानात हशा पिकला. खमैसही हसला. इतक्या वर्षांनी तो खटका भरून निघाला होता.

"'एक म्हातारी विचारते, आणि तो आजारी पडला तर? ड्रायव्हर म्हणतो, आजी, मग मी आहेच की.'"

मोंजी हसायला लागला आणि मधेच थांबला. बाकीचेही थांबले. कुणीतरी खाकरलं. पंखा तेवढा फिरत होता.

"चांगलं लिहिलंय," मोंजी म्हणाला आणि पुस्तक मिटून खमैसच्या हातात दिलं. "दाढी करायची का?"

"नको," खमैस म्हणाला.

घरी येताना त्याला मुहरज मास्तर आठवत राहिले. मास्तर त्याच्या गाडीतून स्फाक्सला गेले होते, उत्तरपत्रिका तपासण्याच्या बैठकीला. दोन दिवसांनी, गाडीत बोललेल्यावरून, पोलिसांनी त्यांना शाळेतूनच उचललं. तीन वर्षं आत होते. बाहेर आले ते खोकला घेऊन, आणि फार काळ टिकले नाहीत. पुढे नासरने दलेंदाला मागणी घातली, तेव्हा तिची आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "ज्या गाडीने बाप नेला, त्याच गाडीवाल्याच्या घरी जाणार तू?" दलेंदा तरी आली. त्यानंतर या घरात ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. खमैसला वाटलं होतं, मिटलं.

दुपारी चहा आला. पुस्तक आपल्या जागी नाही हे दलेंदाच्या लक्षात आलं असावं, कारण ती बसली नाही.

"मोंजीने वाचलं," खमैस म्हणाला.

"बरं."

"माझ्यावर दया म्हणून गाळलंस?"

"दया नाही." तिने पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. "वाचताना तुमच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ते मला नको होतं."

"काय दिसेल असं वाटलं?"

"तेच माहीत नव्हतं, बाबा. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून माहीत नाही."

खमैसने पेला चाचपला, उचलला नाही. "मग विचार."

"तुम्ही सांगितलंत का?"

"नाही."

"मग कुणी?"

हे नाव त्याने कधीच कुणापुढे घेतलं नव्हतं. "तिजानी. लगाम-खोगिराच्या गल्लीत राहायचा तो. सगळ्यात शेवटी येऊन बसायचा. भाडं मी घेत नसे. घेतलं असतं तर परवाना गेला असता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. आपापला ओळखायचो."

"आणि अब्बांना बोलू दिलंत?"

"कॅसेट लागली होती," खमैस म्हणाला. "रांगेची गोष्ट. मास्तर हसत होते. मग त्यांनी स्वतःची एक जोडली, साहेबांच्या सासुरवाडीवर. चांगली होती. बूशनबलाही सुचली नसती. आरशात मला तिजानी दिसत होता. मी टेपचा आवाज वाढवला. मास्तरांना वाटलं, लोकांना ऐकू जात नाही. ते आणखी मोठ्याने बोलले. मी आणखी वाढवला."

दलेंदा म्हणाली, "गाडी थांबवायची होती."

"थांबवली असती तर मला विचारलं असतं, का थांबवलीस."

"हो. विचारलं असतं." ती आत निघून गेली.

त्यानंतर वाचन बंद झालं. चहा यायचा, जेवण यायचं, हरिसा, म्हणजे मिरचीची चटणी, वेगळ्या वाटीत यायची, कारण त्याला तिखट सोसत नसे. बाकी काही नाही. नासरने संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन पाहिलं, पण त्याचं वाचणं म्हणजे मासळीबाजारातली हाळी. एकाही विनोदाला तो जिवंत सोडेना. खमैस ऐकून घ्यायचा. आपली सून आपल्यावर विश्वास ठेवते की नाही, हे विचारायची त्याची टाप नव्हती. आणि तो स्वतःशीच उलट-सुलट तपासू लागला होता. आपण आवाज वाढवला होता, की वाढवायला हवा होता असं पुढे वाटत राहिलं आणि तेच खरं झालं?

शुक्रवारी दलेंदा सांगून बाहेर गेली. आली ती बऱ्याच वेळाने. पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि अंगणात येऊन त्याच्या समोर बसली.

"तिजानीकडे गेले होते. आता पक्षी विकतो. दुकानभर कॅनरी."

खमैसचा हात गुडघ्यावर तसाच राहिला.

"गल्ल्यावर काय होतं माहीत आहे? हेच पुस्तक. उलटं घालून ठेवलेलं. वाचता वाचता ठेवलं असावं. मी विचारलं, आवडलं का? म्हणाला, बाई, हसून हसून पोट दुखलं. शेवटच्या सीटची गोष्ट सगळ्यात झकास. मी ती नाट्यगृहात बसून ऐकलीय, म्हणाला, कामावर होतो, पण इतका हसलो की त्या रात्री लिहायचंच राहिलं."

"मग दुसऱ्या दिवशी लिहिलं असेल."

"तेच मी म्हटलं. हसला. मग मी नाव सांगितलं. मुहरज मास्तरांची मुलगी. लगेच दाणे भरायला लागला पिंजऱ्यांत. म्हणाला, मला आठवत नाही. त्या गाडीत आणखीही कुणी असेल. तुझ्या सासऱ्यालाच विचार."

इतक्या वर्षांनीही तो माणूस नेमकं कुठे बोट ठेवायचं ते विसरला नव्हता. "आणि तू?" खमैसने विचारलं.

"मी म्हटलं, विचारलंय. ते म्हणतात, शेवटच्या सीटवर तू होतास." दलेंदाच्या आवाजात मोठं समाधान नव्हतं, पण धार होती. "तर चिडला. म्हणे, तुझ्या सासऱ्याच्या गाडीत कुणी धड काम करू शकत होतं का? रस्ताभर टेप बोंबलत असायची. एखादा दोन शब्द बोलला की हा आणखी मोठी करायचा. अर्धं तर मला अंदाजाने लिहावं लागायचं."

खदीजा भिंतीपलीकडे कपडे झटकत होती. खमैसला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली, म्हणून त्याने चेहरा वळवला.

"अंदाजाने," तो म्हणाला.

"अंदाजाने. अब्बांची तीन वर्षं." ती उठली, पुन्हा बसली. "माफ केलं असं म्हणत नाही मी, बाबा. तुम्ही त्याला फुकट नेत होतात."

"नेत होतो."

"पण आईला सांगेन. तिने इतकी वर्षं भलत्याच माणसाला शाप दिले."

"थोडे माझ्या नावाने राहू देत म्हणावं," खमैस म्हणाला.

आतून नासरचा आवाज येत होता. आपल्या छोट्या मुलीला तो पुढाऱ्याच्या बायकोची गोष्ट वाचून दाखवत होता आणि कोणतं वाक्य कुणाचं हेच कळत नव्हतं. दलेंदाने थोडा वेळ सहन केलं. मग आत जाऊन पुस्तक ओढून घेतलं.

"माती केलीस सगळ्याची," ती नवऱ्याला म्हणाली. "दे इकडे."

ती अंगणात आली आणि न विचारता नवी गोष्ट काढली, एका लग्नाची, जिथे नवरदेवापेक्षा कॅमेरावाल्याचाच थाट मोठा असतो. दोनचार वाक्यं वाचली आणि थांबली. खमैस वाट पाहत राहिला. पुन्हा काही गाळतेय की काय, असं त्याला क्षणभर वाटून गेलं. मग कळलं, ती हसत होती, तोंडावर ओढणी दाबून, श्वास लागेपर्यंत.

"एकटीच काय हसतेस," तो कुरकुरला. "वाच की."

"थांबा हो," ती म्हणाली.