एकोणनव्वदचा भोंगा

पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. ऑक्टोबरातला गुरुवार, सकाळचे दहा. यॉर्कशरमधल्या आमच्या स्केल्डरडेलमध्ये त्या दिवसांत धुकं दुपारपर्यंत दरीतून हलत नाही. मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. एकोणनव्वद नंबरचं इंजिन आम्ही चाचणीसाठी डब्यांशिवाय वर नेत होतो. अँब्रोज टॉर्डॉफ चालवत होता आणि मी शेजारच्या खुर्चीवर होते. ऑल्डरसाइकच्या खिंडीत शिरलो आणि भोंगा वाजला. आधी वरचा सूर, मग खालचा, नेहमीपेक्षा बराच लांब.

"काय होतं रे? मेंढी?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. वाजवलेला बरा," तो म्हणाला.

त्याचा एक हात वेगाच्या दांड्यावर होता आणि दुसरा ब्रेकवर. भोंग्याची दांडी या दोन्हींपासून वीतभर लांब असते. हे मला आठवलं ते घरी गेल्यावर, बटाटे सोलताना. मग वाटलं, आपलंच लक्ष नसेल.

मी विन. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, निवृत्त झाले आणि आमच्या या जुन्या लाइनवर हौसेने कामाला लागले. इथे सगळे हौशीच. बंद पडलेली नऊ मैलांची लाइन चालू ठेवायची, भंगारात निघालेली डिझेल इंजिनं दुरुस्त करायची आणि शनिवार-रविवार लोकांना फिरवून आणायचं. खरा, आयुष्यभर मोठ्या लाइनवर इंजिन चालवलेला माणूस आमच्यात एकच होता, अँब्रोज. वय बहात्तर. मी एकसष्ट, तरी मला "पोरी" म्हणायचा.

"पोरी, ही बस नाही. पुढच्या स्टॉपला थांबायचं असेल तर मागच्या स्टॉपलाच ठरवावं लागतं."

"तोंड बंद ठेव म्हाताऱ्या, आणि खिडकी पूस."

असं आमचं चालायचं. पण एकोणनव्वदवर चढला की तो गप्प होई. हे इंजिन त्यानेच डर्बीजवळच्या भंगाराच्या आवारातून शोधून आणलं होतं. नऊ वर्षं खपून आम्ही ते उभं केलं. रंगवायची वेळ आली तेव्हा अँब्रोज हटून बसला, रंग साठ सालातला हिरवाच हवा आणि नंबरही तेव्हाचाच, नंतरच्या काळातला नको. आम्हाला वाटलं, जुन्या माणसाची आवड आहे. दुसरीही एक आवड होती. बाकी सगळे चालक फ्लास्क घेऊन चढायचे. अँब्रोजने इंजिनाच्या कॅबमध्ये चहाचा घोट कधी घेतला नाही. पाऊस असो, बर्फ असो, शेवटच्या स्टेशनावर उतरून फलाटावर उभ्याने प्यायचा.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी त्याच्या हातांकडेच बघत होते. पुन्हा धुकंच होतं, पण जागा निराळी, पुलाजवळची. हात जागचे हलले नाहीत. भोंगा वाजला, आणि अँब्रोजने डोळे मिटले. चालत्या इंजिनात त्याने डोळे मिटलेले मी कधी पाहिले नव्हते.

"अँब्रोज, तू नाही वाजवलास."

"मीच वाजवला." आवाज असा काढला की मी पुढे बोलूच नये.

मी थेट लेशेककडे गेले. लेशेक आमचा फिटर, मूळचा पोलंडचा, वीस वर्षं यॉर्कशरमध्ये राहून आमच्याहून जास्त कुरकुर करणारा. त्याने चालकापुढचं दांड्यांचं टेबल उघडलं, भोंग्याचा व्हॉल्व्ह बदलला, हवेचे पाइप साबणाच्या पाण्याने तपासले. कुठेच गळती नव्हती. पुढच्या धुक्यात भोंगा तिसऱ्यांदा वाजला. मग मी स्वतः चालक होऊन त्याच इंजिनावर, त्याच वेळी, तसल्याच धुक्यात दोन फेऱ्या केल्या. काही नाही. चालक अँब्रोज असेल आणि धुकं असेल, तरच.

शेवटी एका धुक्याच्या सकाळी लेशेकने शेडबाहेर इंजिन उभं केलं, भोंग्याकडे जाणारी हवेची तोटी पूर्ण बंद केली आणि अँब्रोजला म्हणाला, "बस जरा खुर्चीत. हात मांडीवर ठेव."

अँब्रोज बसला. मी खाली रुळांजवळ उभी होते. पाच मिनिटं इंजिनाची धडधड सोडून काही नव्हतं. मग धुक्यात भोंगा घुमला. दोन्ही सूर, सावकाश, सबंध दरी भरून. शेडच्या छतावरचे कावळे उडाले.

लेशेक शिडीवरून उतरला, छातीवर क्रूस काढला आणि हत्यारं गोळा करू लागला. "विन, भुताचे सुटे भाग माझ्याकडे नाहीत," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

अँब्रोज खाली आला नाही. मी वर गेले तर तो खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याकडे टक लावून बसला होता.

"काय झालंय, सांगशील?"

"इंजिन जुनं आहे," तो म्हणाला. "जुन्या वस्तू आवाज करतात."

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमची डिझेलची जत्रा होती. वर्षातून एकदा असते, सगळी इंजिनं बाहेर निघतात, देशभरातून लोक कॅमेरे घेऊन येतात. सकाळी ऊन होतं. मी फलाटावर बेकन सँडविच खात होते, इतक्यात एक बाई एकोणनव्वदजवळ येऊन थांबल्या. पंचेचाळिशीच्या असतील. कॅमेरा वगैरे काही नव्हता. इंजिनाच्या नाकाडावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या, गाईला ताप आहे का बघावं तशा.

"या इंजिनाचा नंतरचा नंबर काय होता हो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. त्यांनी मान हलवली. "मग हेच. माझे बाबा ह्याच्याखाली गेले. चौऱ्याऐंशी साली, थॉर्नगिल जंक्शनपाशी. रूळ तपासायचं काम करायचे ते. डेनिस गार्साइड. मी लोरेन."

सँडविच हातातच राहिलं. वर कॅबची खिडकी उघडी होती आणि अँब्रोजने सगळं ऐकलं होतं. तो खाली उतरला. उतरताना त्याला दांडा दोनदा पकडावा लागला.

"मी चालवत होतो," तो म्हणाला.

लोरेन त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल. पण ती अगदी शांतपणे बोलली, पाठ केल्यासारखी. "मग तुम्हीच सांगितलं होतं चौकशीत. की भोंगा वाजवला, दोनदा वाजवला, पण ते हललेच नाहीत."

"हो."

"तुम्हाला दोष द्यायला नाही आले मी. फक्त विचारायचं होतं. मी नऊ वर्षांची होते. भोंगा ऐकूनही माणूस रुळातून हलत नाही, याचा अर्थ गावाने काय काढला ते तुम्हाला माहीत आहे का? की त्याला जायचंच होतं. आईला तोंडावर कुणी बोललं नाही, पण प्रेतयात्रेला अर्धं गाव आलं नाही. आईने त्यांचे फोटो काढून टाकले. म्हणायची, आपल्याला सोडून गेला तो." ती थांबली. "तुम्ही त्यांचा चेहरा शेवटचा पाहिलात. ते खरंच तसे दिसत होते का?"

अकराची गाडी सुटायची शिट्टी झाली. अँब्रोज म्हणाला, "माझ्याबरोबर वर चला. वरच सांगतो."

स्टेशनमास्तरांची परवानगी मी घेतली. मागे सहा डबे, खच्चून भरलेले, पोरं खिडक्यांतून हात हलवत होती. खालच्या चार मैलांत लख्ख ऊन, पण ऑल्डरसाइकच्या अलीकडे दरी वळते तिथे धुकं भिंतीसारखं उभं होतं. आम्ही त्यात शिरलो आणि कॅबमधला उजेड राखाडी झाला.

लोरेन आम्हा दोघांच्या मध्ये उभी होती. अँब्रोजने वेग कमी केला, मग दोन्ही हात दांड्यांवरून उचलून समोर धरले, झडती द्यावी तसे.

"बघा माझ्या हातांकडे," तो तिला म्हणाला.

भोंगा वाजला.

इतक्या जवळून, इतका मोठा मी कधीच ऐकला नव्हता. खिडकीची काच थरथरली. लोरेनने आधी हात पाहिले, मग भोंग्याची दांडी, मग माझ्याकडे बघितलं. "कोणी वाजवला?"

चालकाच्या पायाखाली एक पेडल असतं. पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लावते. अँब्रोजचा पाय कधी उचलला गेला ते त्यालाही कळलं नसावं. इशाऱ्याची घंटा घणघणली, ब्रेक लागले आणि गाडी खिंडीच्या मधोमध उभी राहिली. इंजिन संथ धडधडत होतं. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

"हे आता वाजवतं," अँब्रोज म्हणाला. "त्या दिवशी नाही वाजला. मी वाजवलाच नाही. असंच धुकं होतं. मी फ्लास्कमधून चहा ओतत होतो, कप गुडघ्यांत धरला होता. मान वर केली तर समोर पाठ होती. नारिंगी जाकीट, नुसती पाठ. तुमच्या बाबांचा चेहरा मी पाहिलाच नाही. त्यांनी मला पाहिलं नाही. हात दांडीपर्यंत पोचायच्या आत संपलं सगळं."

"आणि चौकशीत?"

"घाबरलो. बायको पोटुशी होती. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं. घरी कोण असेल, त्याचा विचारच केला नाही."

लोरेनने त्याच्या तोंडात मारली. तिचा हात लहान होता, पण आवाज मोठा झाला. मग तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"म्हणजे त्यांना कळलंच नाही," ती म्हणाली. "काम करत होते."

"वाकून काहीतरी घट्ट करत होते. पाना होता हातात."

"सदतीस वर्षं," ती म्हणाली.

मागून गार्डने फोनवर विचारलं, काय झालं, लोक घाबरलेत. मी अँब्रोजला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या जागी बसले. उरलेले चार मैल मीच गाडी नेली. वरच्या स्टेशनावर लोरेन उतरली. "बसने जाईन," एवढंच म्हणाली आणि फलाटाच्या उतारावरून धुक्यात गेली. अँब्रोजने परतीची गाडी घेतली नाही. सामानाच्या खोलीच्या भिंतीला टेकून बाकावर बसून राहिला. संध्याकाळी लेशेकने त्याला मोटारीतून घरी सोडलं.

सोमवारी त्याने चालकाचा परवाना आमच्या कार्यालयात आणून दिला. मंगळवारी पोलिसांकडे जाऊन लेखी जबाब दिला. ते दोनदा त्याच्या घरी येऊन गेले. पुढे खटला काही झाला नाही, पण जुन्या चौकशीच्या निकालाला त्याचा जबाब जोडला गेला आणि त्याची प्रत लोरेनला मिळाली. गावात काही लोक अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याची त्याने कधी तक्रार केली नाही. एकोणनव्वद मी चालवते. धुक्यात शिरताना माझा एक हात भोंग्याच्या दांडीवर असतो, अजूनही.

लोरेनने त्याला माफ केलेलं नाही. हे तिने मला मार्चमध्ये फोनवर स्वच्छ सांगितलं. "अपघात मी माफ केला असता, विन. माझी आई मात्र सदतीस वर्षं त्यांचा राग करत जगली. ते कोणी परत द्यायचं?"

तिची आई आता वृद्धाश्रमात आहे, बरंचसं विसरली आहे. लोरेन जबाबाची प्रत घेऊन तिच्याकडे गेली, शेजारी बसून तिने सगळं सावकाश वाचून दाखवलं. बाबा काम करत होते, कुणी भोंगा वाजवला नाही, त्यांना कळलंच नाही, ते आपल्याला सोडून गेले नव्हते.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग दाराकडे बघून म्हणाली, "तर मग अजून जेवायला का नाही आला?"