संरक्षित मालगोदाम

मालगोदाम संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झालं तेव्हा माझी बायको ऋजुता आत होती. त्यामुळे तीही संरक्षित झाली.

ती माझा डबा घेऊन आली होती. मी फाटकावर संरक्षणाचा फलक बसवून घेत होतो. टाकरी जंक्शनचं हे गोदाम पाडून तिथे कंटेनर यार्ड करायचं घाटत होतं. ते वाचवायला मी वास्तुरचनाकार म्हणून बरीच वर्षं झगडलो होतो. कापसाच्या गाठींसाठी बांधलेली लांबलचक इमारत. काळ्या दगडाच्या कमानी, बीडाचे खांब, वर सागवानी कैच्या आणि कौलं. आत बसायला काही नव्हतं, म्हणून ऋजुता गाठी तोलायच्या जुन्या काट्यावर टेकली. फलकाचा शेवटचा स्क्रू बसला आणि काट्याची थरथरणारी सुई थांबली.

जेवण झाल्यावर आम्ही घरी निघालो. ऋजुतानं उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि ती पुन्हा काट्यावर बसलेली होती. परत उठली, दारापर्यंत आली, परत काट्यावर.

"श्री, मला अजून तेवढीच भूक आहे," ती म्हणाली. डबा रिकामा होता.

मी वारसा समितीच्या सबनीस मॅडमना बोलावलं. त्यांनी ऋजुताला सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"ती माझी बायको आहे," मी म्हणालो.

"असेल ना. पण जाहीर झालं तेव्हा आत जे होतं, ते सगळं संरक्षित."

"तिला आठवा महिना चालू आहे."

"मग काळजीच नको. आठवाच राहील."

आणि आठवाच राहिला. पोळा झाला, दिवाळी झाली. मी रोज येऊन तिच्याजवळ बसायचो. फलक लागला त्या क्षणी बाळानं लाथ मारली होती. त्याची टाच ऋजुताच्या बरगडीखाली टेकली होती, ती तशीच राहिली. मी हात ठेवला की बोटांना तो उंचवटा लागायचा. गार नव्हता, पण हलतही नव्हता.

"कुणाला तरी सांग ना," ऋजुता म्हणायची. "सारखी टोचते रे."

संक्रांतीनंतर जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं. इमारत मूळ रूपात आणायची, म्हणजे भिंतींवर मागाहून चढलेले सगळे थर काढायचे. आराखडा माझाच होता. रज्जाक मिस्त्रींनी काट्यामागची भिंत खरवडायला घेतली. पिवळा थर पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला.

"अगंबाई!" ऋजुता म्हणाली. "हललं."

टाच मागे सरली होती. मी मिस्त्रींना म्हणालो, "होऊ द्या, चालू ठेवा." आनंदानं माझा आवाज चिरकला.

पिवळ्याखाली हिरवा थर निघाला. ऋजुताचा चेहरा तरतरीत दिसायला लागला. हिरव्याखाली निळा निघाला. काट्याची सुई हळूहळू उतरत होती. साडी पोटावर सैल पडली, मग पोट उरलंच नाही. मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र नव्हतं.

"तुम्ही इथले साहेब का?" तिनं मला विचारलं. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल."

"खाली अजून थर आहेत, साहेब," रज्जाक मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्या हातातली खरवडणी काढून घेतली. कोपऱ्यात दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, भरायला भिजवलेला चुना होता. मी कुंचा बुडवला.

"संरक्षित भिंत आहे, साहेब. नवा हात मारता येत नाही."

"मारतोय मी."

पहिला हात ओला होता तोवर ती मला परक्यासारखी बघत होती. वाळला तशी म्हणाली, "श्री, हे काय करतोयस?" मी हातावर हात मारत गेलो. पोट वर आलं. टाच पुन्हा बरगडीखाली आली, या वेळी थांबली नाही, फिरून खाली गेली. ऋजुतानं काट्याचा दांडा घट्ट धरला.

"कळ आली," ती म्हणाली.

मी तिला धरायला कुंचा खाली ठेवला. कळ अर्ध्यात थांबली. ऋजुता तोंड उघडं टाकून तशीच राहिली, आवाज गळ्यात अडकलेला. मी धावत कुंचा उचलला तेव्हा ती ओरडली. मग माझ्या लक्षात आलं. तिला धरायचं काम रज्जाक मिस्त्रींनी केलं आणि मी भिंतीकडे तोंड करून चुना मारत राहिलो. माझ्या मुलीचं रडणं मी पाठमोराच ऐकलं.

मिस्त्रींनी गळ्यातल्या उपरण्यात तिला गुंडाळून ऋजुताच्या मांडीवर दिलं. ऋजुतानं तिची बोटं उघडून पाहिली, कानामागचा ओलावा पुसला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"ही नंतरची आहे," ती म्हणाली. "हिला बाहेर नेता येईल. घेऊन जा, श्री."

"आणि तू?"

"जा म्हणते ना."

मला उचलवेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून सपसप आवाज आला. एक नव्हे, अनेक कुंचे. मी बाहेर पळालो. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं शिड्या लावून चुना मारत होती. खाली सबनीस मॅडम उभ्या होत्या.

"थांबवा हे!"

"कसं थांबवू? तुम्हीच आतून नवा हात मारलात. आता आत-बाहेर एकसारखं नको दिसायला?"

"किती हात मारणार?"

"दगड दिसेनासा होईपर्यंत. पहिले तर कधीच वाळले."

मी मुलीला घ्यायला परत आत धावलो. रज्जाक मिस्त्री दाराशी उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ऋजुता मान खाली घालून बसली होती. तिचे मोकळे केस पुढे येऊन बाळावर पडले होते, आणि ते पांढरे होते. मला वाटलं, चुना उडाला असेल. मी झटकून पाहिले, ते पांढरेच होते. केसांमागून मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. तिच्या तोंडात सगळे दात आले होते.